नातीनं उभा केलेला राजा

२०२३ साली मी शहात्तर वर्षांचा होतो. एखादं वर्ष इकडंतिकडं, कारण शाळेच्या दाखल्यावरची तारीख मास्तरांनी अंदाजानं टाकलेली. शाळा चौथीपर्यंत. पाचवीत नाव घातलं होतं, पण पंधरा दिवसांत वडिलांनी उचलून शिलाई मशीनवर बसवलं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. करमाळ्यात पन्नास वर्षं शिवणकाम केलं. माझ्या हातचे कोट घालून बोहल्यावर चढलेले लोक आज आजोबा झालेत, आणि ते कोट अजून खांद्यात बसतात. ही बढाई नाही. ज्याला खात्री करायची त्यानं करमाळ्याला जाऊन बघावं.

तेव्हा आम्हा दोघां नवराबायकोला अमेरिकेत, शॉमबर्गला मुलाकडं येऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा कॉम्प्युटरमध्ये, सूनही कॉम्प्युटरमध्ये, आणि त्यांची एकुलती एक मुलगी, सोळा वर्षांची, हायस्कुलात. त्या वर्षी नोव्हेंबरात मी जन्मात पहिल्यांदा ग्रीक लोकांचं नाटक बघितलं. ग्रीस देश नकाशावर कुठं आहे हेसुद्धा मला नातीनं दाखवलं. नाटक अडीच हजार वर्षांपूर्वीचं, म्हणाली. मी म्हटलं, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला आपल्या घरातलं काय कळणार? त्याला कसं कळलं ते मला अजूनही उलगडलेलं नाही. पण काय झालं ते सांगतो. त्यासाठी आधी भावाचं सांगावं लागेल.

मला एक धाकटा भाऊ होता, चार वर्षांनी लहान. एकाच दुकानात शेजारीशेजारी दोन मशीन. मी कोट-पँट करायचो, तो सदरे-लेंगे. काजं त्याची माझ्यापेक्षा सरस व्हायची. हे तो गेल्यावर लिहितोय, जिवंत होता तेव्हा तोंडातून काढलं नाही. माझा मुलगा त्याच्याच अंगावर वाढला. मी कापड बेतत असलो की पोराला जवळ येऊ द्यायचो नाही, कात्री लागेल म्हणून. तो एका मांडीवर पोरगं घ्यायचा आणि दुसऱ्या पायानं मशीन चालवायचा.

पुढं रेडिमेडचे दिवस आले. भाऊ म्हणाला, "दादा, आता शिवून कोण घालतं? अर्ध्या दुकानात रेडिमेड ठेवू."

मी म्हटलं, "शिंप्याच्या दुकानात दुसऱ्यानं शिवलेलं? मी जिवंत आहे तोवर नाही."

दोन वर्षं हेच. शेवटी त्यानं रस्त्याच्या पलीकडं, बरोबर समोर, रेडिमेडचं दुकान टाकलं. तरी तोवर बोलणं होतं. त्या साली दसऱ्याला, आम्ही मशीन, कात्री, टेप सगळं धुऊनपुसून पूजेला मांडलं होतं, तेव्हा तो बायकोला घेऊन नारळ घेऊन आला. दुकानात गिऱ्हाईक, शेजारीपाजारी, सगळे हजर. मी त्या सगळ्यांच्या देखत म्हटलं, "जो हत्यार धरत नाही त्यानं हत्याराच्या पूजेला येऊ नये."

त्यानं नारळ उंबऱ्याच्या बाहेर ठेवला आणि बायकोला म्हणाला, "चल." त्यानंतर तेरा वर्षं समोरासमोर दुकानं, आणि नंतर मी इकडं आलो ती सहा. एवढ्या काळात एक शब्द नाही.

२०२३ च्या जानेवारीत सकाळी मुलाला फोन आला. मी टेबलाशी चहा पीत होतो, नात समोर दुधातलं सीरियल खात होती. मुलगा फोन हातात धरून उभा राहिला. म्हणाला, "आप्पा, काका गेले."

मी चहा संपवला. शेवटच्या घोटापर्यंत संपवला, कप खाली ठेवला, आणि मग बोललो. "या घरात त्याचं सुतक धरायचं नाही. देवपूजा रोजच्यासारखी होईल. त्याचं नाव काढायचं नाही, कोणी रडायचं नाही."

"आप्पा, ते माझे काका आहेत."

"आणि मी तुझा बाप आहे."

घर मुलाचं, दारावरचं नाव मुलाचं, हुकूम माझा. पोरानं वाद घातला असता तर मी कदाचित हरलो असतो. त्यानं घातला नाही. मान हलवली आणि गाडी काढून कामाला गेला.

ज्यांना आपल्या चालीरीती ठाऊक आहेत त्यांना मी काय केलं ते कळेल. भावकीतलं माणूस गेलं की दहा दिवस देवाला हात लावत नाहीत, गोडधोड करत नाहीत. वैऱ्याचंसुद्धा सुतक कोणी नाकारत नाही. मी सख्ख्या भावाचं नाकारलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. तिसऱ्या दिवशी मी बायकोला म्हटलं, "आज शिरा कर." तिनं माझ्याकडं बघितलं आणि रवा भाजायला घेतला. शिरा कोणी खाल्ला नाही. मी दोन वाट्या खाल्ल्या.

दहाव्या दिवशी सकाळी मागच्या काचेच्या दारातून बाहेर बघतो तर बर्फात, लाकडी कठड्यावर, कागदाच्या बशीत भाताचा गोळा. वर दही, काळे तीळ. कावळ्यासाठी ठेवलेला. मला वाटलं बायकोचं काम. मी दार उघडून बशी उचलून आत आणली आणि गरजलो, "कोणी ठेवलं हे?"

नात जिन्यावरून उतरत होती. म्हणाली, "मी ठेवलं."

"तू? का?"

"आजीला आइसवर जाता येत नाही. ती स्लिप होईल."

"मी काय सांगितलं होतं ते तुला माहीत होतं का नाही?"

"माहीत होतं."

"तरी ठेवलंस?"

"हो, आजोबा."

सॉरी नाही, रडणं नाही, उलट उत्तरही नाही. नुसतं हो. मी भात कचऱ्याच्या डब्यात टाकला.

त्या दिवसापासून बायको माझ्याशी मोजकं बोलायला लागली. जेवा. गोळी घ्या. दार लावा. मुलगा तर माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलायचा, अगदी गोड, आणि दोन वाक्यांवर तिसरं नाही. मी ठरवलं, राहू दे. आपण बरोबर आहोत. बरोबर असलेल्या माणसाला थोडं एकटं राहावं लागतं, असं मी मनाशी म्हणायचो.

ऑक्टोबरात भावजय अमेरिकेत आली, जर्सी सिटीला तिच्या मुलाकडं, सहा आठवड्यांसाठी. तिचा बायकोला रोज फोन. एक दिवस बायको माझ्यासमोर येऊन बसली. कित्येक महिन्यांनी अशी बसली.

"ती इकडं यायचं म्हणतेय. एकदा दादांच्या पाया पडते म्हणाली."

"माझ्या कशाला? देवाच्या पड म्हणावं."

"अहो, तिचं हृदयाचं दुखणं आहे. डॉक्टरांनी हे शेवटचं विमान सांगितलंय. परत येणं व्हायचं नाही."

"ती या दारातून आत आली तर मी त्या दारातून बाहेर."

मुलगा स्वयंपाकघरात भांडी मशीनमध्ये लावत होता. पाठ न वळवता म्हणाला, "आप्पा, काकू एकोणीस नोव्हेंबरला, संडेला परत जाणार आहेत. मी पुन्हा विचारणार नाही."

त्यानं खरंच विचारलं नाही. मला ते फार जड गेलं, पण माझ्याकडून सुरुवात करणं माझ्या हाडात नाही.

आता नाटकाचं.

त्याच सुमारास नात माझ्याकडं आली. "आजोबा, हेल्प पाहिजे. आमच्या प्लेचे कॉस्च्युम आहेत."

सहा वर्षांत माझ्याकडं पँटचे पाय आखूड करण्यापलीकडं काम आलं नव्हतं. मी लगेच टेप गळ्यात टाकली. तिनं फोनवर दगडी पुतळ्यांचे फोटो दाखवले. मी पुढं-मागं करून बघितले, मोठे करून बघितले.

"याची शिलाई कुठं आहे?"

"नाहीए."

"बाही कशी जोडलीय?"

"जोडलीच नाहीए, आजोबा. नुसतं कापड. आणि पिन्स."

मला हसू आलं. "म्हणजे ह्या तुझ्या ग्रीकांच्यात शिंपी उपाशीच मरत असणार!" पण फोटो बघता बघता हसू गेलं. कापड अंगावर नुसतं सोडलेलं, आणि तरी काय रुबाब! आपल्याकडं जुन्या माणसांचं धोतर-उपरणं असायचं तसं. कापडाचं वजन कुठं पडू द्यायचं हे ज्याला कळतं त्याला शिलाई लागत नाही. पन्नास वर्षं मी सुई-दोऱ्यानं जे केलं ते ही माणसं नुसत्या चुणीनं करत होती. मी मनात त्यांना हात जोडले.

तिला उभी करून राजाचं कापड नेसवायला घेतलं, कारण राजा तीच होणार होती.

"पोरगी आणि राजा?"

"मी मागून घेतला रोल."

"मग ताठ उभी राहा. राजा पोक काढत नाही. आणि हे खांद्यावरचं घसरू द्यायचं नाही. खांद्यावरचं घसरलं की राजा गेला."

टाचण्या लावता लावता मी तिला गोष्ट विचारली. तिनं अर्धी मराठीत, अर्धी इंग्रजीत सांगितली. दोन भाऊ गादीसाठी लढले आणि एकमेकांच्या हातून मेले. एक शहराच्या बाजूनं लढला, दुसरा शहरावर चालून आला. त्यांचा मामा राजा झाला. त्यानं हुकूम काढला, पहिल्याचं सगळं सन्मानानं करा. दुसऱ्याचं मढं वेशीबाहेर पडू दे. कोणी माती द्यायची नाही, कोणी रडायचं नाही. जो देईल तो मरेल.

माझ्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं.

"मग?" मी टाचण्या काढून विचारलं.

"मग त्या दोघांची बहीण जाऊन माती घालते. म्हणजे राजाची भाची. आणि तिचं लग्न राजाच्या मुलाशी ठरलेलं असतं."

"म्हणजे भाची ती भाची, वर होणारी सून. सापडते?"

"सापडते. राजा विचारतो, तुला ऑर्डर माहीत होती का? ती म्हणते, हो."

हे तिनं माझ्याकडं न बघता सांगितलं. मी खांद्यावरची चुणी उगाच पुन्हा उकलली, पुन्हा घातली.

"राजाचं बरोबर आहे," मी म्हटलं. "चालून आला तो आला. राजानं शब्द फिरवला तर उद्या त्याला कोण विचारणार?"

"मे बी."

"मे बी काय? शेवटी काय होतं ते सांग."

"नाही सांगणार. बघायला या."

पुढच्या शनिवारी शाळेत गेलो, सगळ्यांना नेसवायला. त्यांची नाटकाची बाई पिकल्या केसांची, उंच, बोलायला मऊ. शेवटच्या प्रवेशात एक मढं आणतात, त्याच्यावर घालायला तिनं पलंगाची चादर आणली होती. चारी कोपऱ्यांना रबर! मी नातीला म्हटलं, "तुझ्या बाईला सांग, मढ्याला रबर लावत नाहीत. ते काय पळून जाणारय?" नातीनं काय सांगितलं कोण जाणे, सगळी पोरं खदाखदा हसली आणि बाई लाल झाली. मग तिनं मला विचारलं, तुमच्याकडं कसं असतं?

मी सांगितलं. कोरं मांजरपाट घेतात. कात्री लावायची नाही, हातानं फाडायचं. कडा दुमडायची नाही, टाका घालायचा नाही. दोरे लोंबत असले तर लोंबू द्यायचे, कारण ते कापड वापरायला कोणी परत येणार नसतं.

बाई स्वतः गाडीत घालून मला कापडाच्या दुकानात घेऊन गेली आणि कोरं कापड आणलं. मी स्टेजवर उभा राहून दातानं काठ तोडला आणि फाडलं. त्या रिकाम्या सभागृहात तो आवाज असा फिरला की पोरांचं बोलणं थांबलं. माझेही हात थांबले. आमच्या दुकानातून गावातल्या कितीतरी मर्तिकांना मी हे कापड फाडून दिलं होतं.

नात हळूच म्हणाली, "आजोबा, तुमच्या भावासाठी हे कापड कोणी फाडलं असेल?"

"चल, वेळ होतोय," मी म्हटलं.

सतरा नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळी सातला नाटक. आम्ही चौघं ओळीत बसलो. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला मुलगा, पलीकडं सून. पडदा नव्हता. तीन पायऱ्या, वर एक मोठं दार, एवढंच. दहा-बारा पोरं पिकल्या दाढ्या लावून गावातले म्हातारे झाली होती. ती सगळी एका तोंडानं बोलायची. आपल्याकडं पारावरची म्हातारी मंडळी असतात तशी, सगळं कळतं, पण राजापुढं ठाम बोलायचं धाडस नाही.

मग दार उघडलं आणि माझी नात बाहेर आली.

ती माझी नात नव्हती. कसं सांगू! जिला मी सायकल शिकताना बघितलं, ती बारकी पोरगी आत कुठं गेली कोणास ठाऊक, बाहेर आला तो राजाच होता. खांदे रुंद झाले होते. कापड दगडासारखं अंगावर उभं होतं. तिनं एक पाऊल टाकलं आणि सगळं सभागृह सरळ बसलं. मीही बसलो. आपल्याच हातानं नेसवलेल्या पोरीला मी घाबरलो.

इंग्रजी मला निम्मंअर्धं कळतं. त्या दिवशी सगळं कळलं. पहारेकरी धावत आला, धापा टाकत, की मढ्यावर कोणीतरी माती घातलीय. राजाच्या हातात प्याला होता. सगळे म्हातारे राजाकडं बघत थांबले. राजानं प्याला तोंडाला लावला आणि पीत राहिला. सावकाश. शेवटच्या घोटापर्यंत. मग प्याला खाली ठेवला, आणि मग बोलला.

मी मुलाकडं बघितलं नाही. पण त्याच्या हाताची मूठ वळलेली मला दिसली.

पुढं राजाचा मुलगा बापाकडं आला. तो पोरगा सुरुवातीला अगदी अदबीनं बोलला. बाबा, तुम्ही सांगाल तसं, अशा सुरात. मुलगा बापाशी असं बोलायला लागला की समजावं, आत काहीतरी तुटत आलंय. हे स्टेजवरच्या राजाला कळत नव्हतं. खाली बसलेल्या मला त्या घटकेला कळलं. मला उठून ओरडावंसं वाटलं, अरे ऐक त्याचं! मग राजानं भाचीला डोंगरातल्या भुयारात जिवंत चिणायला पाठवलं, आणि मुलगा निघून गेला. जाताना त्यानं वळून बघितलं नाही.

एक आंधळा म्हातारा आला. त्यानं राजाला सांगितलं की तुझ्या घरातलं माणूस जाईल. राजानं त्यालाही हाकलला. पण त्यानंतर राजा एकटा उभा राहिला आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरला. गावातल्या म्हाताऱ्यांना त्यानं विचारलं, काय करू? म्हातारे सगळे एकदम म्हणाले, जा! आत्ता जा! सोडव तिला!

राजा निघाला. पण कसा निघाला बघा. आधी मढ्याकडं गेला. त्याला अंघोळ घातली, त्याचं सगळं रीतसर केलं, आणि मग भुयाराकडं गेला. मी पुटपुटलो, "अरे उलटं केलंस. जिवंत माणूस आधी." बायकोनं माझ्याकडं बघितलं.

भुयाराशी पोचेपर्यंत पोरीनं गळफास घेतला होता. मुलानं बापाच्या देखत स्वतःच्या कुशीत तलवार घातली. हे आपल्याला दिसत नाही, एक निरोप्या येऊन सांगतो. आणि तो ज्या बाईला सांगतो ती त्या मुलाची आई. राणी. हातात लोकरीचा गुंडा घेऊन ती दारात उभी राहते आणि सगळं ऐकते. मी वाट बघत होतो, आता ही किंकाळी फोडणार, आता ऊर बडवणार. तिनं काही केलं नाही. एक शब्द बोलली नाही. वळली आणि दारातून आत गेली.

ज्या माणसानं हे लिहिलं त्याला बाईमाणसाची काय ओळख असेल! बोलणारी बाई घरात असते. गप्प झालेली बाई निघालेली असते. मी माझ्या बायकोकडं बघितलं. ती समोर बघत होती, हात मांडीवर, चेहरा शांत. दहा महिने तो चेहरा मी रोज बघत होतो आणि त्याला शहाणपणा समजत होतो.

मग चौघांनी फळीवरून मढं आणलं. वर माझं कापड, कडेचे दोरे लोंबत असलेलं. राजा बरोबर चालत होता. त्यानं कापडाचं टोक उचलून मुलाचं तोंड बघितलं. तेवढ्यात आतून कोणीतरी येऊन सांगितलं की राणीनंही जीव दिला. राजा वाकला तेव्हा त्याच्या खांद्यावरचं सगळं घसरलं. नातीनं ते सावरलं नाही. तसंच जमिनीवर लोळू दिलं आणि त्याच्यावर पाय देऊन पुढं आली. मला वाटत होतं आता राजाही मरेल आणि सुटेल. राजा मरत नाही. तो उरतो. हेच भयंकर आहे. सगळं संपल्यावर ज्याचं बरोबर होतं तो एकटा उरतो.

दिवे गेले तरी टाळी पडेना. एवढी शेकडो माणसं, गोरी, काळी, आपली, चिनी, सगळी श्वास धरून बसलेली. अडीच हजार वर्षांपूर्वी कोणीतरी एक माणूस, त्यानं करमाळा बघितलं नाही, शॉमबर्ग बघितलं नाही, आणि त्याला आमच्या टेबलावरचा कप ठाऊक होता. देवाची करणी मी देवळात ऐकली होती. माणसाची करणी एवढी मोठी असू शकते हे त्या दिवशी बघितलं.

बाहेर नात तोंडाचा रंग न पुसता आली. माझ्यापुढं उभी राहिली. "आजोबा, चिडलात?"

"तो प्याला," मी म्हटलं.

ती खाली बघायला लागली. "यू नोटिस्ड."

"मी शिंपी आहे. माप कोणाचं घेतलंय ते मला कळतं."

"मी चेष्टा नव्हती केली. प्रॉमिस."

"माहीत आहे. चेष्टेत इतकं माप बसत नाही."

तिचे डोळे भरले. म्हणाली, "सगळ्या मुलींना ती बहीण व्हायचं होतं. मला राजा पाहिजे होता. मला त्याचं खूप वाईट वाटायचं, आजोबा. त्याला कोणी टाइमवर थांबवलंच नाही."

मुलगा गाडी आणायला गेला होता. तो आला आणि आम्ही घरी निघालो.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी सातला उठलो. मुलगा खाली कॉफी करत होता. मी म्हटलं, "जर्सी सिटीला फोन लाव."

त्यानं माझ्याकडं बघितलं. काही न विचारता फोन लावला आणि टेबलावर ठेवला. तिकडून भावजयीचा आवाज आला. "हॅलो, कोण?"

मुलानं खुर्ची माझ्यामागं सरकवली. मी उभाच राहिलो.

"मी बोलतोय. थोरला."

"दादा?"

"हो. तू उद्या निघणार ना? तू नको येऊस, तुला जिने चढायला नकोत. मी येतो. आज."

"दादा, तुम्ही कशाला..."

"चूक माझी होती. हे तुला तोंडावर सांगायचंय, फोनवर नाही. जेवायला पिठलं-भाकरी कर. नाहीतर राहू दे, तुझ्या पोराला सांग, तो करील. तू बस."

ती रडायला लागली आणि रडता रडता म्हणाली, "त्याला भाकरी नाही येत." मुलगा हसला. बापासमोर कित्येक महिन्यांनी हसला. लगेच कॉम्प्युटर उघडून त्यानं दुपारच्या विमानाची दोन तिकिटं काढली, एक माझं, एक त्याचं.

मग मी वर जाऊन बाथरूममध्ये बादली भरली, थंड पाण्याची, आणि अंगातल्या कपड्यांनिशी टबात बसलो. पाण्याचा आवाज ऐकून बायको आली.

"अहो, हे काय? सदऱ्यासकट?"

"भाऊ गेल्याची बातमी फार उशिरा कळली की सुतकाचे दहा दिवस नसतात ना? नुसती अंघोळ असते."

"हो."

"मला काल कळली."

ती दारात उभी राहिली. मग आत आली, पदर खोचला, माझ्या हातातला तांब्या काढून घेतला आणि बादलीत बुडवला.

"डोळे मिटा," म्हणाली. "पाणी जाईल."